रेडिओला हार घातला, पण तो लावलाच नाही

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ,
आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय
(गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या शनिवारी वाचनालयाच्या पटांगणात जुन्या रेडिओ-संगीताची आणि खान्देशी लोककलेची जी संध्याकाळ आपण केली, तिला मी पहिल्या रांगेत होतो. खरं म्हणजे मला तिथे बसवलं होतं, कारण स्टेजवरच्या टेबलावर ठेवलेला रेडिओ माझा होता. चाळीस वर्षं मी या गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता पुढच्या भागात नातू मोबाइलची कव्हरं विकतो आणि मागच्या खोलीत मी आणि माझे जुने सेट असे राहतो.

कार्यक्रम संपल्यावर आपण विचारलंत, "कसा झाला?" मी "छान" म्हणालो. ते खरं नव्हतं. मांडव आवरणाऱ्या माणसाला त्याच वेळी चार शब्द ऐकवणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसलो. आणि नुसतं कार्यकारिणीला पत्र दिलं तर ते फायलीत जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे. सहा वर्षं मी स्वतः त्या कार्यकारिणीत होतो आणि फायलीही मीच लावायचो. म्हणून हे पत्र उघड्यावर.

आधी माझ्या रेडिओचं सांगतो, कारण दुखणं तिथूनच सुरू झालं.

सेट लाकडी पेटीचा, पाच व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे, तापून चालणारे काचेचे दिवे). शुक्रवारी रात्री बसून मी त्याचे दोन कंडेन्सर बदलले, डायलची दोरी नवी ओवली, काटा सरळ केला. अशा सेटला मागे 'पिकअप'ची दोन भोकं असतात. पूर्वी ग्रामोफोनची वायर त्यात खुपसायचे. तबकडी फिरायची ग्रामोफोनवर आणि आवाज निघायचा रेडिओच्या स्पीकरमधून. आज त्याच भोकांना मोबाइल जोडता येतो. तशी वायर मी ओढून ठेवली होती. तुमच्या कार्यकर्त्याला समजावूनही सांगितलं की बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट काहीच होणार नाही, घाबरायचं नाही. व्हॉल्व्ह तापतात, मग बारीक घरघर येते, मग समोरचा हिरवा डोळा उघडतो आणि त्यानंतर माणसाचा आवाज. पोरगा भला आहे. म्हणाला, "काका, तेवढं थांबायला वेळ कुठंय?" गाणी ब्लूटूथच्या डब्यावर वाजली आणि रेडिओला झेंडूचा हार घातला गेला. आमच्याकडे हार कुणाच्या फोटोला घालतात ते तुम्हाला सांगायला नको.

तेवढं मी सोसलंही असतं. पण सुरुवातीलाच निवेदक म्हणाले, "त्या काळी खान्देशात करमणुकीचं दुसरं साधनच नव्हतं." हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्यासाठी आहे.

'सुरुवातीचं रेडिओ-संगीत' म्हणून जी वीस-बावीस गाणी ऐकवलीत, ती झाडून सगळी सिनेमाची होती आणि पन्नास-साठच्या दशकातली. मला ती आवडतात. त्यातली अर्धी मी सोल्डर मारता मारता पाठ केली आहेत. पण ती सुरुवातीची नव्हेत. मुंबईचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. ते चालवणारी कंपनी खाजगी होती आणि प्रक्षेपकाची ताकद होती दीड किलोवॅट. दिवसा नीट ऐकू जायचं ते तीसेक मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम कल्याण. कसारा घाट चढून आपल्याकडे यायची त्या आवाजात धमकच नव्हती. कंपनीचं तीन वर्षांत दिवाळं वाजलं, मग ते खातं सरकारने घेतलं, १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. त्या पहिल्या दहा वर्षांत गवई आणि गायिका स्टुडिओत येऊन मायक्रोफोनसमोर प्रत्यक्ष गायच्या. आज ध्वनिमुद्रण आणि उद्या प्रसारण असला प्रकार फारसा नव्हताच. गायलेलं हवेत गेलं आणि संपलं. त्यामुळे त्या संध्याकाळी मुंबईच्या श्रोत्याने काय ऐकलं, हे ऐकवायचं म्हटलं तरी आज ऐकवता येणार नाही. निदान तसं सांगायला हवं होतं.

आपल्या भागात रेडिओ खऱ्या अर्थाने पोचला तो १९३८ नंतर, मुंबईला दहा किलोवॅटचा, लांबवर पोचणारा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक बसल्यावर. माझे वडील सांगायचे, गावातला पहिला सेट जिनिंगवाल्या शेठजींच्या माडीवर आला. एरियल म्हणून दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, तिच्यावर चिमण्या बसायच्या आणि खाली शेठजी ओरडायचे की चिमण्यांमुळे खरखर येते. (येत नाही. पण हे मलाही गिऱ्हाइकांना पटवता आलेलं नाही.) रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी फी भरून पुस्तिकेत तिकिटं चिकटवून घ्यायची. ही भानगड ऐंशीच्या दशकापर्यंत होती. माझ्या दुकानात सेटपेक्षा परवान्याच्या पुस्तिकेची चौकशी करणारी माणसं जास्त यायची, कारण तपासनीस येणार अशी आवई दर दोन महिन्यांनी उठायची.

आणखी एक गंमत. १९४० मध्ये सरकारी रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. आपल्या रागसंगीताला ते वाद्य मानवत नाही, असं तिथल्या जाणत्यांचं म्हणणं. ती बंदी तीस वर्षं टिकली. तेवढ्या काळात आमच्या विठ्ठल मंदिरातली पेटी एक दिवस बंद पडली नाही. पुढे बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणीही जवळजवळ गेली. मग लोकांनी काटा सिलोनकडे, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओकडे फिरवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे सिनेगीतांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठच्या सुमारास गल्लीत अमीन सयानींचा आवाज एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जायला लागला. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला, तेव्हा कुठे सरकारला उमगलं की माणसं काय ऐकतात. आपली वीस-बावीस गाणी या सिलोनच्या काळातली. ती ऐकवा, पण त्या काळाचं नाव सांगून ऐकवा.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मीडियमवेव्हचा आवाज दिवसा जमिनीला धरून चालतो आणि लवकर थकतो. सूर्य मावळला की आभाळातला एक खालचा थर, जो दिवसा आवाज शोषून घेतो, तो विरतो. मग वरच्या थरावर आपटून आवाज शेकडो मैल लांब उतरतो. म्हणून खान्देशात रेडिओ ही संध्याकाळचीच वस्तू होती. दिवेलागणीला काटा फिरवला की १९४८ ला सुरू झालेलं नागपूर यायचं, १९५५ ला सुरू झालेलं इंदूर यायचं, गुजरातेतलं एखादं स्टेशन मध्येच डोकवायचं, मुंबई कधी स्पष्ट तर कधी विहिरीतून बोलल्यासारखी. काट्याच्या चार बोटं अंतरात मराठी, माळवी, गुजराती, हिंदी. आवाज लाटेसारखा चढायचा-उतरायचा. गिऱ्हाईक सेट डोक्यावर घेऊन यायचं, "भाऊ, रातले आवाज पळी जास." मी सांगायचो, सेट ठणठणीत आहे, आभाळ हलतंय. पैसे न घेता परत पाठवलेलं हे एकच दुखणं.

पण त्या चार बोटांत अहिराणी, आपली खान्देशची बोली, कुठेच नव्हती.

ग्रिअर्सनसाहेबाने १९०७ साली हिंदुस्थानातल्या भाषांच्या सरकारी पाहणीच्या नवव्या खंडात खान्देशी, म्हणजे हीच बोली, घातली ती भिल्ल बोलींच्या शेजारी. ती मराठीची लेक की गुजरातीची भाची, यावर पानटपरीवर आजही भांडणं होतात. रेडिओने ते भांडण कधी केलंच नाही, कारण त्याला ही बोली ठाऊकच नव्हती. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा मोठा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावं, गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. जिल्हे कोणते? पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर. नाशिकपर्यंत आला आणि थांबला.

माझी आजी रेडिओला कायम 'डबा' म्हणायची. तिला मराठी समजायची, पण ती शाळेतली, कचेरीतली, कोर्टातली बोली. तासन्‌तास रेडिओ चालू असला तरी ती कधी मान वर करायची नाही. सत्तरच्या दशकात जळगावचं केंद्र सुरू झालं. एका संध्याकाळी मी दुकानातून आणलेला सेट घरी तपासत होतो आणि त्यातून कुणीतरी बाई आपल्या बोलीत गायला लागली. मी सवयीने काटा पुढे सरकवणार, तेवढ्यात आजी चुलीपुढून उठून आली. "फिरवू नको रे, आते बाई गाई राहिनी." गाणं संपेपर्यंत ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून उभी होती. मग म्हणाली, "हाऊ डबा आते माणसस्मा उना." हा डबा आता माणसांत आला. पीठ वाळलं होतं, ते खरवडत ती परत चुलीपाशी गेली आणि तव्यावरची भाकरी करपली म्हणून मलाच बोलली.

म्हणजे आपल्याकडे रेडिओ आला तो पाहुणा म्हणून. घर आधीपासून भरलेलं होतं. हे निवेदकांना कुणी सांगितलं नाही का?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी यायच्या, लिंबाला झोके बांधले जायचे आणि गौराईची गाणी दुपारपासून रात्रीपर्यंत चालायची. बापे पत्ते कुटायला बसायचे, ते तर विचारूच नका, त्या दिवशी जुगाराला घरच्यांचीही हरकत नसे. सालदाराचं (सालाने ठेवलेल्या शेतगड्याचं) नवं वर्ष त्याच दिवशी सुरू व्हायचं, त्यामुळे हाती पैसाही असायचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसायची, रोटांचं दळण आठवडाभर आधीपासून आणि रात्रभर बायांचं गाणं. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन नदीला निघायची. वर साक्री-नवापूरकडे आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या दिवसांत भोपळ्याची पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजायची. सातपुड्यात काठी गावची होळी. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि त्याच्या कडेने उभे राहिलेले तमाशाचे तंबू. जळगावात तर नारायण राजहंस नावाचा मुलगा महबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकून गेला होता, तो पुढे बालगंधर्व झाला. आणि दुसरं साधनच नव्हतं म्हणे.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वही. वहीगायन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याची कवनं एका वहीत उतरवलेली असतात, बापाच्या हातची, कधी आजाच्या हातची. तिच्यावरूनच नाव पडलं. देवीचं नमन, पुराणातली कथा, मध्येच गावातल्या सावकाराला एक चिमटा. डफावर थाप पडली की एकाने ओढायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. पहिला तास गळे नुसते तापतात. अगदी माझ्या व्हॉल्व्हसारखं. खरा आवाज लागतो मध्यरात्रीनंतर, जेव्हा म्हातारी माणसं घोंगडीत शिरतात आणि पोरं झोपलेली असतात. माझ्या लहानपणी वही ऐकायला बसलो की पहाटेचा बैल पाण्यावर न्यायची वेळ व्हायची तेव्हाच उठायचो.

शनिवारी आपण वहीच्या मंडळींना दहा मिनिटं दिलीत. तीही चहा वाटायच्या वेळेला. नमन संपून कथेला हात घातला तोच माइकवरून "वेळेअभावी" आलं आणि त्यानंतर शहरातून आलेल्या ऑर्केस्ट्राने दीड तास घेतला. ऑर्केस्ट्राला मानधनाचं पाकीट, वहीवाल्यांना शाल आणि नारळ. मी मागे जाऊन त्यांच्या म्होरक्याला भेटलो. सत्तरीचा माणूस, रागावला नव्हता. डफ कापडात गुंडाळत एवढंच म्हणाला, "भाऊ, वही आते उघडेल व्हती." आताच उघडली होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी त्यांना बसस्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं.

आणखी एक दुरुस्ती, लहान आहे पण आपलं वाचनालय आहे म्हणून. निवेदकांनी बहिणाबाईंच्या कवितांना 'आपली अहिराणी' म्हटलं. त्यांची बोली असोद्याची, लेवा गणबोली. अहिराणी तिची शेजारीण आहे. मागच्या रांगेतून दोन लेवा पाटील एकदम खाकरले, ते याच्यासाठी. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरोटं (जातं) ओढता ओढता, शेतात, त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व सोपानदेवांचे मावसभाऊ टिपून घ्यायचे. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं. टिपून घेणारं कुणी घरात नसतं तर पंचक्रोशीबाहेर त्यांचं नावही गेलं नसतं.

म्हणूनच माझं मागणं मानपानाचं नाही, टिपून घेण्याचं आहे. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांची दप्तरं सांभाळणारं संशोधन मंडळ आहे, योगायोगाने तेही मुंबई केंद्रासारखं १९२७ चंच. तिथेच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी गोळा केलेली रामदासी बाडं आहेत. कागदासाठी जन्म घालवणारी माणसं आपल्या भागात झाली. आवाजाची बाडं मात्र माळ्यावर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात पडली आहेत. शनिवारी कार्यक्रमानंतर चार जणांनी मला गाठलं. एकाकडे आईने गायलेल्या कानबाईच्या गाण्यांची कॅसेट, एकाकडे वहीची अख्खी रात्र, सहा कॅसेटांत. एका ताईंकडे वडिलांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेलं जळगाव केंद्रावरचं लोकसंगीत आहे. मध्येच प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणाल्या. ती शिट्टी काढायची नाही, असं मी त्यांना बजावलंय.

या कॅसेट फार दिवस थांबणार नाहीत. आतला स्पंजाचा तुकडा गळतो, फीत चिकटते, बुरशी धरते. घाईने कुणी नव्या प्लेअरमध्ये कोंबल्या तर फीत खाऊन टाकेल. आधी हाताने, पेन्सिल घालून, एकदा पुढे आणि एकदा मागे सैल कराव्या लागतात. स्पंज बदलावा लागतो. हेड स्पिरिटने पुसून मगच वाजवायच्या आणि पहिल्या फेरीतच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या. हे काम मी करीन. मजुरी नको. वाचनालयाने एक कपाट, एक जुना कॉम्प्युटर आणि एक रजिस्टर द्यावं. रजिस्टरात गाणाऱ्याचं नाव, गाव, अंदाजे साल आणि कॅसेट कुणाची हे लिहायचं, मूळ कॅसेट मालकाला परत. आणि जे गातात त्यांना विचारल्याशिवाय त्यातलं काही मोबाइलवर सोडायचं नाही.

शेवटी निवेदकांनी हल्लीच्या खान्देशी गाण्यांना 'धांगडधिंगा' म्हटलं, त्यालाही माझी हरकत आहे. हळदीच्या डीजेचा मलाही त्रास होतो, खिडकीच्या काचा वाजतात. पण आजी ज्या बोलीसाठी चुलीपुढून उठून आली, ती बोली आज यूट्यूबवर कोटी कोटी लोक ऐकतायत आणि त्यासाठी कुणा केंद्राची परवानगी लागलेली नाही. माझ्या नातवाला त्यातली सगळी पाठ आहेत. त्याला वही ऐकवली तर ठेका लगेच ओळखतो. त्याला हिणवून आपण आपलाच श्रोता घालवतोय.

पुढच्या वर्षी कार्यक्रम करायचा ठरला तर आखाजीच्या आसपास करा, उकाडा असतो पण लेकी गावात असतात. वही आधी लावा आणि घड्याळ झाकून ठेवा. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायांना मांडवाच्या मागे बसवू नका. ऑर्केस्ट्रा हवाच असेल तर चहाच्या वेळेला.

रेडिओ अजून आपल्या ऑफिसातल्या कपाटावर आहे. रविवारी सकाळी दहाला मी तो न्यायला येतो, किल्ली शिपायाकडे ठेवावी. कपाट दाखवलंत तर कॅसेटचं पहिलं खोकं त्याच वेळी सोबत आणीन. हार मात्र आजच काढा. झेंडूचं पाणी चॅसीत (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात) उतरलं की गंज धरतो आणि तो ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नाही.

आपला,
वाचनालयाचा जुना सभासद आणि रेडिओ मेकॅनिक